फिटची गोळी आणि सोडियम १२६: जेवणात मीठ वाढवू का?

सातारची_लेक: बाबा ७१ वर्षांचे. दीड महिन्यापासून ऑक्सकार्बाझेपिन चालू आहे. फिट थांबल्या, पण आठवडाभर गळून गेलेत. काल चहात साखर म्हणून रवा घातला. रक्तात सोडियम १२६ निघालं. डॉक्टर परवा भेटतील. तोवर मीठ वाढवू का? आणि फिटच्या गोळीचा मिठाशी संबंध काय?

शरीरशास्त्राचा_मास्तर: परवा कशाला, आत्ताच फोन करा. १३५ च्या खाली कमीच, त्यात १२६ आणि असा गोंधळ, उशीर नको. गोळी मनाने बंद करू नका, फिट उलटते.

मीठ घटलेलं नाही हो, पाणी वाढलंय. आमटी पातळ झाली म्हणून अळणी लागते, तसं. मूत्रपिंडातल्या शेवटच्या नळ्यांच्या पेशींत पाण्याच्या खिडक्या असतात, ॲक्वापोरिन-२. एरवी त्या पेशीच्या आत बारीक पिशव्यांत पडून असतात. व्हासोप्रेसिन या संप्रेरकाचा निरोप आला की पृष्ठभागावर येतात, लघवीतलं पाणी परत रक्तात खेचतात. कार्बामॅझेपिन हे तुमच्या गोळीचं थोरलं भावंड. उंदरांच्या नळ्यांवर ते घातलं तेव्हा व्हासोप्रेसिन नसतानाही ॲक्वापोरिन-२ वाढलं. निरोप्या आलाच नाही, तरी दार उघडलं! सोडियम पाडण्यात मात्र धाकटं भावंडच पुढे.

रात्रपाळी: बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड (लघवी वाढवणारं औषध, तेही सोडियम पाडतं) आहे का बघा. माझ्या सासूबाईंना दोन्ही चालू होत्या, सोडियम तिथेच घसरलं. मास्तर, मेंदूतल्या ॲक्वापोरिनलाही या गोळ्या बंद पाडतात म्हणे?

शरीरशास्त्राचा_मास्तर: ते ॲक्वापोरिन-४. बेडकाच्या अंडपेशींत काही फिटच्या औषधांनी ते अडतं, असं एका गटाने छापलं. २००८ मध्ये दुसऱ्यांनी वेगळ्या पेशींत मोजलं, तर काहीच अडेना. मी तरी वर्गात ते पक्कं म्हणून शिकवलं नाही. मूत्रपिंडाची गोष्ट वेगळी, तिथे रुग्णाचं सोडियमच बोलतं.

सातारची_लेक: पाकीट पाहिलं, हायड्रोक्लोरोथायझाइड आहे! वर मीच "उन्हाळा आहे, पाणी प्या" म्हणून रोज तीन लिटरची बाटली संपवायला लावत होते. डॉक्टरांनी लगेच घेऊन या म्हटलंय. बाटली घरीच ठेवून निघालोय, बाबा विचारतायत मीठ का नाही आणलं.