वस्तीतील वर्ग वस्तीतल्याच तरुणांकडे असावेत

महाविद्यालयीन तरुणांनी वस्तीत चालवलेले अभ्यासवर्ग परीक्षा जवळ आल्या की बंद पडतात, ही अनेकांची तक्रार रास्त आहे. मात्र त्यावर उपाय म्हणून बाहेरून पगारी शिक्षक नेमावेत, ही सूचना मला पटत नाही. आपल्या नागपुरातच विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांसाठी सुरू केलेले फुटबॉलचे काम, जे पुढे ‘स्लम सॉकर’ म्हणून ओळखले गेले, ते टिकले याचे एक कारण मला असे दिसते की, खेळायला आलेल्यांपैकीच काही जण पुढे प्रशिक्षक झाले. अभ्यासवर्गातही दहावी-बारावीच्या मुलामुलींना पहिल्यापासून जबाबदारी द्यायला हवी.

याहून महत्त्वाचे काम शाळाबाह्य मुलांचे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयोगटातील अशा बालकाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे, शिवाय केवळ वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे अनेक पालकांपर्यंत पोहोचलेलेच नसते. म्हणून तरुणांनी त्यांच्यासोबत मुख्याध्यापकांकडे जावे आणि प्रवेशानंतरचे काही महिने मूल रोज शाळेत जाते ना, याकडेही लक्ष ठेवावे.