सल्ला हवा: विक्रांतवरचा टेहळणी सी हॉक, कधीच न झालेलं विमान १/७२ मध्ये

झुआरीकाठ
नमस्कार मंडळी. मी वास्कोला राहतो आणि गेली काही वर्षं विमानांची स्केल मॉडेलं करतो. यंदा पहिल्यांदाच ‘असं झालं असतं तर’ या प्रकारात हात घालतोय, म्हणून जाणत्यांचा सल्ला हवाय.

माझे मामा नौदलात होते. विमानवाहू विक्रांतच्या हँगरमध्ये त्यांनी सी हॉक या लढाऊ जेटवर काम केलंय. आजही दाबोळीवरून जेट उडालं की हातातलं काम थांबवून आवाज विरेपर्यंत ऐकत बसतात. ४ डिसेंबरला, नौदल दिनी, त्यांना एक सी हॉक द्यायचंय. साधं सी हॉक त्यांच्या कपाटात आहेच, मग मनात आलं की टेहळणीचं करावं.

कल्पना अशी. १९६६ मध्ये आपल्या नौदलाने पश्चिम जर्मनीच्या नौदलाची वापरलेली २८ सी हॉक घेतली. त्यातल्या तीन-चारांच्या नाकात कॅमेरे बसवले असते तर? ४ डिसेंबर १९७१ ला विक्रांतवरून सी हॉक तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारच्या विमानतळावर हल्ल्याला गेली. हल्ल्यानंतर धावपट्टीचं किती नुकसान झालं याचे फोटो काढायला मागाहून एक विमान जातंय, ते मला करायचंय.

हॉबीबॉस कंपनीचं १/७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) किट मागवून ठेवलंय. नाकाच्या तळाच्या चारही तोफा बुजवून तिथे कॅमेऱ्यांच्या खिडक्या करायचा विचार आहे. खिडक्या कशा कराव्यात? रंग कोणता? आणि या पावसात रंगकाम कसं करायचं? गेल्या जुलैत माझ्या एका मॉडेलवर लॅकर मारला आणि दहा मिनिटांत सगळा पृष्ठभाग दुधासारखा पांढरा झाला.

एकबहात्तर
विषय फार आवडला. पण चारही तोफा काढू नका.

खाली उतरून फोटो काढणाऱ्या विमानांकडे तोफा असायच्याच. ब्रिटिशांच्या स्विफ्ट एफआर ५ वर २ तोफा होत्या. हंटर एफआर १० वर तर चारही ठेवल्या आणि कॅमेरे नाकाच्या टोकात घातले. दोन्ही विमानांत विंटेनचे एफ ९५ कॅमेरे, तीन-तीन: एक समोर बघणारा, दोन बाजूंना तिरके. ७० मिमी फिल्मचा हा कॅमेरा कमी उंचीवर वेगाने जाताना भराभर फोटो घेण्यासाठीच केलेला. तुमच्या विमानाला हाच शोभेल.

सी हॉकचं नाक यासाठी सोयीचं आहे. त्यात रडार नाही, त्यामुळे समोरचा कॅमेरा अगदी टोकात बसतो. चार २० मिमी हिस्पानो तोफांपैकी प्रत्येक बाजूची एक काढा, त्या जागी तिरका कॅमेरा. म्हणजे २ तोफा, ३ कॅमेरे. सरळ खाली बघणारा चौथा घालू नका, पुढच्या चाकाचा कप्पा नाकातच आहे आणि मामा पहिला प्रश्न हाच विचारतील की मग चाक कुठे गेलं.

असल्या मॉडेलात मी आधी हेच बघतो, नवं सामान बसवायला मूळ विमानातून काय निघालं. ते कळलं की उरलेलं सगळं पटतं.

म्हापशाची_तिकटी
खिडक्यांबद्दल सांगतो, त्यात माझे तीन संध्याकाळ गेलेत.

कॅमेऱ्याची काच सपाट असते. वक्र काचेतून फोटो वेडावाकडा येईल. म्हणजे तुम्हाला गोल नाकावर छोटा सपाट तुकडा काढायचाय. खरी खिडकी २० सेंमी धरली तर १/७२ मध्ये ती २.८ मिमी होते. एवढीशी जागा घासताना प्लॅस्टिक आरपार जातं. म्हणून नाकाचे दोन भाग जोडायच्या आधी आतून प्लॅस्टिक कार्डाचे दोन थर चिकटवा, रात्रभर सुकू द्या, मग बाहेरून बारीक कानशीने घासा. पॉलिश पेपर बोटावर धरलात तर कडा गोल होतील, पेपर आइस्क्रीमच्या काडीला चिकटवून घ्या.

मग भोक पाडा, आतून काळा रंग, बाहेरून काच. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचं सपाट पारदर्शक प्लॅस्टिक चालतं. ते सुपरग्लूने लावू नका, त्याच्या वाफेने काच धुरकट होते आणि आपल्याकडच्या दमट हवेत तर लगेच. फेविकॉलचा ठिपका टूथपिकने लावा, सुकला की पारदर्शक होतो. लेन्स दाखवायची तर आत काळ्या चकतीवर वार्निशचा एक थेंब. तिरक्या उजेडात तो चमकतो आणि आत खरंच कुणी बघतंय असं वाटतं.

बोगमाळो_चढ
वास्कोतच राहता तर बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात पुन्हा एक चक्कर मारा. सी हॉक तिथे आहेच, पण यावेळी सी हॅरियरचं नाक बघा. त्याच्या एफआरएस ५१ या नावातला ‘आर’ टेहळणीचाच. नाकाच्या उजव्या बाजूला तिरक्या एफ ९५ ची सोय आहे. आणि ही विमानं वापरली कुणी? ३०० स्क्वाड्रन, व्हाइट टायगर्स, ज्यांच्याकडे आधी सी हॉक होती! म्हणजे तुमची कल्पना त्याच स्क्वाड्रनमध्ये १९८३ नंतर खरी झाली. तुम्ही ती फक्त अलीकडे ओढताय. मला तर हे वाचून अंगावर काटा आला.

वजनाचं विसरू नका. सी हॉक तीन चाकांवर उभं राहतं, नाक हलकं राहिलं तर शेपटीवर बसेल. आणि तुमच्या नाकातली जागा आता कॅमेऱ्यांनी खाल्ली. गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या बाजारात सहज मिळतात, त्या ठेचून कॉकपिटखाली आणि पायलटच्या मागे भरा. सायकलचे छर्रे नकोत, खाऱ्या हवेत गंजतात. शिसं फेविकॉलने मात्र चिकटवू नका. दोन-चार वर्षांनी त्यावर पांढरी भुकटी धरते, ती फुगते आणि जोड उकलतात. एरल्डाइट वापरा. सगळं बंद करण्याआधी टेपने जोडून मुख्य चाकांच्या जागी दोन बोटांवर तोलून बघा.

खाजन
रंगाबाबत माझं वेगळं मत. टेहळणीचं विमान म्हणजे निळं! ब्रिटिशांचा पीआरयू ब्लू द्या, कपाटात उठून दिसेल.

एकबहात्तर
खाजन, दिसायला सुंदर, पण इथे बसत नाही. तो निळा उंचावरून फोटो काढणाऱ्यांसाठी होता, खालून बघणाऱ्याला आभाळात विमान दिसू नये म्हणून. एफ ९५ लावलं म्हणजे विमान समुद्राला चिकटून जाणार. धोका वरून. तेव्हा नौदलाचीच जोडी ठेवा: वर एक्स्ट्रा डार्क सी ग्रे, खाली स्काय. हम्ब्रॉल कंपनीच्या रंगांत १२३ आणि ९०. हँगरमध्ये चार सी हॉक उभी असतील तर हे नाकाकडे बघूनच ओळखू यावं.

खाजन
पटलं. उंचीचा विचारच केला नव्हता.

म्हापशाची_तिकटी
पावसाचं राहिलं. लॅकर पांढरा झाला तो दमटपणामुळे. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी तिथे धरतं. दसऱ्यापर्यंत कापणं, घासणं, पुट्टी करा, रंग नंतर. थांबवत नसेल तर अॅक्रिलिक घ्या, कॉम्प्रेसरला पाण्याचा सापळा लावा, एअरब्रशच्या नळीतून थेंब आला की ते पॅनेल गेलंच समजा. डेकल (चिन्हांचे पाण्याने लावायचे स्टिकर) आत्ताच डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. ते ग्लॉस वार्निशवरच लावा, नाहीतर खाली हवा राहून चंदेरी दिसतं. गोल चिन्हात केशरी बाहेर, हिरवं आत, घाईत उलटं बसवलेलं मी पाहिलंय.

झुआरीकाठ
सगळ्यांना देव बरें करूं.

काल संग्रहालयात जाऊन आलो, मामांनाही नेलं. काही सांगितलं नव्हतं, फक्त सहज विचारलं की यात कॅमेरा बसवला असता तर कुठे बसला असता. ते सी हॉकच्या नाकाखाली वाकले, तोफेच्या भोकाच्या कडेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हांगा. एक तोफ काढ आणि घाल.” एकबहात्तर, तुम्ही सांगितलेलीच जागा.

आज आतून कार्ड चिकटवलंय. उजव्या बाजूची खिडकी उद्या घासायला घेतो.