‘क्युसेक वेगाने’ पाणी सोडतात का? वेग, विसर्ग, जोर आणि ओढ

प्रश्न:
धरणाचे दरवाजे उघडले की बातमी ठरलेली: ‘धरणातून 20 हजार क्युसेक वेगाने पाणी सोडले.’ असा मजकूर तपासायचं काम माझ्याकडे आहे. इथे ‘वेग’ चालेल का? की ‘प्रवाह’ लिहू?

प्रतिसाद:
दोन्ही नको, ‘विसर्ग’ लिहा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28.3 लिटर. किती पाणी गेलं ते यातून कळतं, किती भरभर गेलं ते नाही. वेग मीटर प्रतिसेकंदात सांगायचा. पात्राच्या छेदाचं (म्हणजे आडव्या कापाचं) क्षेत्रफळ गुणिले सरासरी वेग, की झाला विसर्ग. समजा, पात्राचा छेद 100 चौरस मीटर आहे आणि पाणी सेकंदाला 1 मीटर सरकतंय. पुढे घळीत छेद 40 चौरस मीटर झाला, तर तेच पाणी अडीच मीटरने धावेल. विसर्ग दोन्हीकडे 100 घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे 3,530 क्युसेकच्या आसपास. मग ‘क्युसेक वेगाने’ म्हणताना नक्की कोणता वेग धरायचा?
‘प्रवाह’ हा सैल शब्द आहे. वाहणं आणि वाहणारं पाणी, दोन्हीला चालतो. आकड्याशेजारी टाळलेला बरा.

प्रश्नकर्ता:
पटलं. पण शाळेत ‘चाल’ आणि ‘वेग’ वेगळे शिकवले होते. मग नदीची चाल का म्हणत नाहीत?

प्रतिसाद:
चालीला दिशा नसते, वेगाला असते, आणि पाण्याच्या बाबतीत दिशा सोडून चालत नाही. पुलाच्या खांबामागे पाणी गरगरत चक्क उलट दिशेने येतं. तिथे चाल आहेच, पण नदीची दिशा अधिक धरली तर वेग उणे.
शिवाय अख्ख्या नदीचा मिळून एक वेग नसतोच. तळाला टेकलेलं पाणी जवळजवळ थांबलेलं, पृष्ठभागाच्या आसपास सगळ्यांत वेगवान. म्हणून मोजणारे वेगमापक पृष्ठभागापासून खोलीच्या 0.6 पट खाली धरतात. तिथला वेग सरासरीच्या जवळ जातो. उपकरण नसेल तर तरंगणारी वस्तू सोडून वेळ लावतात आणि आलेल्या वेगाला साधारण 0.85 ने गुणतात. ‘नदीचा वेग’ असं कुणी छापलं की मी आधी विचारतो, वरचा की सरासरी?

आणखी एक प्रतिसाद:
‘जोर’ राहिला की! बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार जोरात उडते. ‘पाणी तेवढंच, वाट अरुंद, म्हणून वेग वाढला’ हे स्पष्टीकरण अर्धंच आहे. बादली लावून बघा, अंगठा दाबल्यावर ती भरायला जास्त वेळ लागतो. म्हणजे विसर्ग कमी झाला. नळीतून पाणी सावकाश जायला लागलं, घर्षणात दाब कमी खर्च झाला आणि उरलेला दाब तोंडाशी वेगाच्या रूपाने बाहेर पडला. तेव्हा ‘जोर’ म्हणताना दाब, वेग की विसर्ग, हे वाक्यातच उघड व्हायला हवं. बोलताना ‘नळाला जोर नाही’ खुशाल म्हणा, कुणाचं अडत नाही.

प्रश्नकर्ता:
आणि ‘पाण्याला ओढ आहे’?

प्रतिसाद:
झकास शब्द, बदलू नका. ओढ म्हणजे वेग नव्हे; पाणी अंगाला लावतं ते बल. ते वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. गुडघाभर पाण्यातही माणसाचे पाय सुटतात ते यामुळेच. सावधगिरीच्या सूचनेत ‘वेग जास्त आहे’पेक्षा ‘ओढ आहे’ लवकर कळतं.
तेल, हवा, वाफ यांच्याबद्दल लिहिताना नुसतं ‘पाणी’ पुरत नाही. तिथे द्रव आणि वायू मिळून ‘द्रायू’ हा शब्द आहे. पुस्तकी आहे, पण नेमका. ‘द्रव’ लिहिलंत तर हवा त्यातून वगळली जाते.

प्रश्नकर्ता:
मग असं करतो: ‘धरणातून 20 हजार क्युसेक विसर्ग सुरू. पाण्याला ओढ आहे, पात्रात उतरू नये.’

प्रतिसाद:
उत्तम. फक्त पुढच्या ओळीत ‘टीएमसी’ आलं तर जपा. ते साठ्याचं माप, एक अब्ज घनफूट. 20 हजार क्युसेकने एक टीएमसी पाणी जायला 50 हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ चौदा तास लागतात.