'ऑब्स्टेट्रिक व्हायोलन्स'ला मराठीत काय म्हणावं?

माणगंगा: आटपाडी तालुक्यातल्या आशाताईंसाठी चार पानांची पुस्तिका करतेय. विषय: बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यात बाईला मिळणारी वागणूक. ओरडणं, मांडीवर चापट, पडदा न ओढता तपासणं, न विचारता कात्री लावणं (बाळाची वाट मोठी करायला कापणं), वगैरे. मथळ्यात 'प्रसूती हिंसा' लिहिलंय, पण मलाच ते पटत नाही. दुसरं काही सुचवा.

वाईकर: आधी शुद्धलेखन. समासात 'प्रसूति' ऱ्हस्व, जसं प्रसूतिगृह. पण मुख्य अडचण वेगळी आहे. 'प्रसूतिहिंसा' वाचलं की प्रसूती हीच हिंसा असं वाटतं. 'प्रसूतिकाळातील हिंसा' म्हटलं तर निदान अर्थ सरळ होतो. 'ऑब्स्टेट्रिक व्हायोलन्स' हा मूळ शब्द कायद्याच्या वाटेने पसरला. व्हेनेझुएलाने २००७ साली तो कायद्यात घातला, २००९ मध्ये अर्जेंटिनाने. आरोपाची धार त्याला तिथून आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४च्या निवेदनाच्या मथळ्यात मात्र 'अनादर आणि छळ' अशा अर्थाचे शब्द आहेत. ते घ्या की.

रात्रपाळी: लेबर रूममध्येच नोकरी केली, म्हणून बोलते. 'हिंसा' म्हटलं की सगळं खापर ड्युटीवरच्या सिस्टरवर. दोन्ही टेबलं भरलेली, तिसरी बाई बाकावर कळा देतेय आणि तुम्ही एकट्या, हे त्या शब्दात कुठं येतं? ओरडणं चूकच, त्याचं समर्थन करत नाही. पण बाळ दाखवायचे पैसे मागणं हे काही कामाच्या ताणातून होत नाही. त्याला अनादरबिनादर म्हणू नका, लाच म्हणा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी दवाखान्यात नॉर्मल असो की सिझर, एक रुपया लागत नाही, हे पुस्तिकेत ठळक छापा.

कृष्णाकाठ: वाईकर, 'छळ' चालणार नाही. आपल्याकडे छळ सासरी होतो. पोलीस ठाण्यातली फिर्याद असो की वर्तमानपत्रातली बातमी, 'सासरच्यांनी छळ केला' हे इतकं रुळलंय की 'दवाखान्यात तुमचा छळ झाला का?' विचारलं तर बाई गोंधळून 'न्हाई बा, डॉक्टर कशाला छळतील' म्हणेल. आणि पुढच्याच वाक्यात सांगेल की कळा येत असताना 'तवा ग्वाड लागलं, आता कशाला बोंबलतीस' असं ऐकून घ्यावं लागलं.

पलूस-तासगावकडच्या बायका काय म्हणतात ते आठवून बघा. 'लई हाल झालं.' 'बोलणी खाल्ली.' 'ओरडा बसला.' 'टाकं पडलं.' एकाही वाक्यात करणारा नाही! हाल आपोआप होतात, टाके पाऊस पडावा तसे पडतात. 'बाळंतपण करणे' या प्रयोगातही करणारी आई, नाहीतर सुईण, नाहीतर डॉक्टर. जिला कळा येतात ती नुसती बाळंत 'होते'. संमतीचंही तसंच. 'विचारलं का?' म्हटलं की उत्तर येतं, 'सही घेतली की.' म्हणजे दाखल करताना नवऱ्याने कागदावर केलेली सही.

म्हणून माझं मत असं, की मथळ्याला कुठलंही नाम द्या, आतली वाक्यं मात्र कर्त्यासकट लिहा. 'टाके पडले' नको; 'न सांगता कापलं आणि शिवलं' लिहा. 'पोट दाबलं गेलं' नको. 'पोटावर जोर देऊन बाळ खाली ढकललं' लिहा. (हे करू नये, आणि सरसकट कात्रीही लावू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशींत आहे.)

माणगंगा: हे पटलं. मग मथळ्याला 'हेळसांड' कसा वाटतो?

वाईकर: चांगला. आज आपण तो दुर्लक्ष एवढ्याच अर्थाने वापरतो, पण हेळणे म्हणजे तुच्छ लेखणे. 'अवहेलना'तला 'हेल' तोच. दुर्लक्ष आणि तुच्छता दोन्ही एका शब्दात बसतात.

रात्रपाळी: चापटीला हेळसांड म्हणणार? ती मारहाण आहे. मथळा सौम्य चालेल, आत मारलं तर मारलंच लिहा.

कृष्णाकाठ: सहमत.

माणगंगा: ठरलं. 'बाळंतिणीची हेळसांड', आणि आत सिस्टर म्हणतात तसं. शेवटची शंका: 'बर्थ कंपॅनियन'ला सरकारी कागदावर 'प्रसूती सहकारी' असलं काहीतरी वाचलं. सहकारी म्हटलं की मला साखर कारखानाच आठवतो.

रात्रपाळी: 'सोबत' लिहा. दाखल करताना आम्ही विचारतोच, 'सोबतीला कोण हाय?' केंद्राच्या २०१६च्या सूचनांप्रमाणे स्वतः बाळंतपण अनुभवलेली नात्यातली बाई लेबर रूममध्ये थांबू शकते. आडोशाची नीट सोय असेल तिथं नवराही. आशाताईंनी नवव्या महिन्यातच घरी विचारून सोबतीणीचं नाव ठरवावं, म्हणजे ऐनवेळी दारात वाद होत नाही.