मुरघासाच्या (हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) खड्ड्यावर माती टाकायची की नुसता कागद पुरे?

खटावचा गोठेवाला: २० फूट लांब, ८ फूट रुंद, ४ फूट खोल असा खड्डा भरला होता. अंदाजे साडेनऊ टन माल. मक्याचा दाणा चिकात (दुधाळ) असताना तोडला, कुट्टी बारीक, ट्रॅक्टरनं दाबला. वर एकच काळा कागद आणि कडेला विटा. उघडला तर वरचा अर्धा फूट काळा पडलेला, कडेला पांढरी बुरशी. अर्धा फूट ऐकायला थोडं वाटतं, पण ४ फुटांतला आठवा हिस्सा गेला. कडेनं वारा शिरून कागद फडफडत होता, तिथूनच हवा गेली. माझं ठाम मत झालंय, कागदावर चार-सहा इंच माती हवीच. बियाणं, कुट्टी, कल्चर (चारा आंबवणारे जिवाणू) यावर आपण खर्च करतो आणि झाकणाला हात आखडतो.

पलूसकर: झाकणाचं पटलं, मातीचं नाही. रोज खड्डा उघडताना ती माती घासात पडते. मातीतल्या जिवाणूंनी घासाला कुबट, सडका वास येतो, मग गाय तोंड लावत नाही. शिवाय रोज ती माती ओढायची कुणी? बहुतेक घरांत ते काम बाईच्याच माथी येतं. वाळूची पोती एकाला एक चिकटून लावा, कागद दुहेरी घ्या, भिंतीलाही आतून कागद लावा. आमच्याकडं पावसाळ्यात मातीचा नुसता चिखल होतो.

आटपाडीहून: दोघंही झाकणावर भांडताय. दादा, गाई किती?

खटावचा गोठेवाला: ४. दिवसाला ८० किलो लागतो.

आटपाडीहून: मग खड्डाच मोठा झालाय. उघडलेल्या तोंडाचा रोज निदान अर्धा फूट थर निघाला पाहिजे, नाहीतर घास गरम होऊन बुरशी धरते. तुमचं तोंड ८ बाय ४, म्हणजे रोज १६ घनफूट, घनफुटाला १५ किलो धरले तर जवळपास २४० किलो. तुम्ही काढताय त्याचा तिसरा हिस्सा. ३-४ गाईंना खड्ड्याऐवजी मुरघास भरायच्या प्लास्टिकच्या बॅगाच बऱ्या.

खटावचा गोठेवाला: हा हिशेब मी कधी केला नव्हता, मान्य. पण वरचा थर उघडल्या दिवशीच काळा होता. तो दोष झाकणाचाच. आणि बॅग उंदरानं कुरतडली की अख्खी जाते. पायानं तुडवून ट्रॅक्टरसारखा दाबही बसत नाही.

पलूसकर: बॅगेला भोक दिसलं की त्याच दिवशी चिकटपट्टी लावायची. लक्ष ठेवलं तर टिकते. एक मात्र कळकळीनं सांगतो, बुरशीचा घास वरवर झाडून गाभण गायीला घालू नका, गाभ जाऊ शकतो. बुरशीचं विष दुधात उतरतं आणि दूध उकळून ते जात नाही. ते दूध आपलीच पोरं पितात.

खटावचा गोठेवाला: तो थर सगळा उकिरड्यात टाकला. औंदा खड्डा ४ फूट रुंद, ३ फूट खोल करतोय. रोज अर्धा फूट निघाला तर ९० किलो, गाईंना बरोबर.

आटपाडीहून: ४ फुटांत मोठा ट्रॅक्टर शिरणार नाही. छोटा मिळाला तर बघा, नाहीतर अर्ध्या-अर्ध्या फुटाचा थर टाकून पाण्यानं भरलेला पिंप फिरवा. कोपरे पायानंच तुडवा.

खटावचा गोठेवाला: पिंप आहे. माती मात्र टाकणारच, पण कागदावर आधी जुनी ताडपत्री, मग माती. म्हणजे घासात पडणार नाही.

पलूसकर: ताडपत्री गुंडाळताना कडेची माती पडतेच. तोंडाकडच्या ५ फुटांवर तरी पोती ठेवा.