पाळणाघराची फी जास्त आहे, की मुलं सांभाळणाऱ्यांचा पगार कमी?

सईची_आई: तान्ह्या बाळासाठी पाळणाघर शोधताना फी ऐकून डोळे पांढरे होतात आणि ‘एवढे घेतात कशाचे?’ असा संताप येतो. माझ्या मते हा संताप चुकीच्या माणसावर निघतो. पाळणाघराच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा पगारांचा असतो. इंग्लंडमध्ये २ वर्षांखालच्या ३ मुलांमागे किमान १ माणूस ठेवावाच लागतो. म्हणजे तीन घरांच्या फीमधून एक पगार, भाडं, वीज, साफसफाई, सगळं भागवायचं. बॉमोल आणि बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये नाटक-संगीताबद्दल हेच मांडलं होतं: कारखान्यात यंत्रं येतात, कमी माणसांत जास्त माल निघतो, पण चौघांनी वाजवायची रचना वाजवायला चौघंच लागतात. म्हणून फी आईबापांना जड आणि सांभाळणारीला पगार अपुरा, दोन्ही एकदमच खरं असतं. मधला फरक सरकारने भरावा.

रोखठोक: सरकारने म्हणजे कोणी? ज्यांना मुलं नाहीत त्यांनी, आणि नोकरी सोडून मूल घरी वाढवणाऱ्यांनीही. कॅनडातल्या क्यूबेकने १९९७ मध्ये दिवसाला ५ डॉलरमध्ये पाळणाघर द्यायला सुरुवात केली. जागांसाठी रांगा लागल्या. बेकर, ग्रुबर आणि मिलिगन यांच्या २००८ च्या अभ्यासात तिथल्या मुलांमध्ये आक्रमकपणा आणि चिंता वाढल्याचं दिसलं. तेच पैसे आईबापांच्या हातात द्या, काय करायचं ते त्यांचं ते ठरवतील.

सईची_आई: त्याच अभ्यासात आयांचं नोकरी करण्याचं प्रमाण चांगलंच वाढल्याचंही आहे, ते का गाळलंत? आणि रोख रक्कम मिळाली तरी जागाच नसेल तर ती नेऊन द्यायची कुणाला?

पाळणाघरवाली: मी पाळणाघर चालवते. मला खरा घोर आहे तो माणसं टिकत नाहीत याचा. बाळाला एका हाताची सवय लागते न लागते, तोच दुकानात जास्त पगार मिळतो म्हणून ती मुलगी सोडून जाते. नव्या बाईने उचललं की बाळ पाठ ताणून रडतं, बाटलीला तोंड लावत नाही. फी कमी करा म्हणणाऱ्यांनी एकदा हे बघायला यावं.

जागा बघायला जाल तेव्हा भिंतीवरची चित्रं बघत बसू नका. विचारा: इथल्या बायका किती वर्षं आहेत? रजेवर गेल्या तर बदली कोण? न सांगता आलो तर आत घ्याल का? शेवटच्या प्रश्नाला फाटे फुटले तर तिथून निघा.

एक_बाबा: तापाचं कुणीच बोललं नाही. ताप असेल तर मूल घेत नाहीत, ते बरोबरच आहे, बाकीच्यांना लागण व्हायला नको. पण त्या दिवसाची फीही भरायची आणि रजाही टाकायची. ‘अंग गरम लागतंय, घेऊन जा’ हा फोन बायकोलाच जातो, फॉर्मवर पहिला नंबर माझा असूनही.

रोखठोक: पगाराचा मुद्दा पटला. अनुदान द्यायचंच तर ते थेट सांभाळणाऱ्यांच्या पगाराला जोडा, मालकाच्या खिशात नको. आणि घरी नातवंड सांभाळणाऱ्या आजीलाही तेवढंच द्या.

पाळणाघरवाली: ‘मालकाच्या खिशात’ हे मला लागलं. पण पगाराला जोडा, याला माझा पूर्ण पाठिंबा.

सईची_आई: आजीला द्यायला माझीही ना नाही. फक्त आधी तिला विचारा, दिवसभर मुलामागे धावण्याची तिची तब्येत आहे का, इच्छा आहे का. बहुतेक घरांत हे गृहीतच धरतात.