मोठी हार्ड डिस्क घ्यायची आहे: एकच भारी की दोन साध्या?

दहिकाला
गेली अकरा वर्षं सिंधुदुर्गातल्या जत्रांमधला दशावतार मी चित्रित करतो आहे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रात्रभर कॅमेरा लावून बसायचं, हा माझा नेम. फोर-के मध्ये तासाला साधारण ४५ जीबी लागतात, म्हणजे सहा तासांच्या एका रात्रीचे २७० जीबी. जुनं-नवं मिळून ९ टीबी झालंय आणि ते सात पोर्टेबल डिस्कांमध्ये विखुरलेलं आहे. त्यातली एक गेल्या महिन्यात टकटक आवाज करून बंद पडली. आता हयात नसलेल्या एका म्हाताऱ्या कलावंताने रंगवलेला संकासुर त्यात होता. तो दुसरीकडे कुठेच नाही.

मी ठरवलंय की हा पोर्टेबलचा पसारा बंद. एकच १६ टीबीची, साडेतीन इंची, एंटरप्राइज दर्जाची, म्हणजे मोठ्या डेटा सेंटरसाठी बनवलेली, डिस्क घ्यायची. २५ लाख तासांचा एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ), पाच वर्षांची वॉरंटी, वर्षाला ५५० टीबी लिहिण्या-वाचण्याची क्षमता. पैसा एकदाच जाऊ दे, पण माल खणखणीत असू दे. कुणाचं वेगळं मत असेल तर सांगा.

चुंबकसूची
माझं मत अगदी उलट आहे. २५ लाख तास म्हणजे २८५ वर्षं. तुमची डिस्क तेवढी टिकेल असा त्या आकड्याचा अर्थ नाही. हजार डिस्का वर्षभर चालवल्या तर त्यातल्या तीन-चार जातील, एवढंच तो सांगतो. प्रत्यक्षात तर त्याहून जास्त जातात. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कांचे आकडे उघड करते. लाखो डिस्का आहेत त्यांच्याकडे. २०२४ मध्ये तिथे वर्षाला सरासरी १.५७ टक्के डिस्का गेल्या, त्याआधीच्या वर्षी १.७० टक्के. या थंड खोलीत, स्थिर विजेवर चालणाऱ्या डिस्का. तुमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून कितीदा येते-जाते ते तुम्हीच सांगा.

शंभरात दीड हा आकडा लहान वाटतो. पण तुमच्याकडे शंभर नाहीत, एकच असणार आहे. ती गेली की अकरा वर्षं गेली. आज सातातली एक गेली तर सहा उरल्या. उद्या सगळं एकाच मडक्यात भरणार आणि त्याला सुरक्षित म्हणणार?

दहिकाला
मुद्दा पटतो, पण अर्धाच. तुमच्या हिशेबाने मग दर्जाला काही अर्थच नाही का? दोन स्वस्त डिस्का घेऊन दोन्ही लवकर गेल्या तर?

सोल्डर
मी दुरुस्तीच्या धंद्यात आहे, त्यामुळे दहिकालादादांची बाजू घेतो. पोर्टेबल डिस्क आणि साडेतीन इंची डिस्क यांत खरंच फरक आहे. बऱ्याच पोर्टेबलमध्ये यूएसबीचं तोंड डिस्कच्या बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं. साटाचं, म्हणजे डिस्क थेट कॉम्प्युटरला जोडायचं नेहमीचं, कनेक्शन नसतंच. ते तोंड खिळखिळं झालं की आतल्या तबकड्या धडधाकट असूनही डेटा काढणं जिकिरीचं होतं. साध्या साटा डिस्कला बाहेरची यूएसबीची डबी बदलून भागतं.

दुसरं, मोठ्या पोर्टेबल जवळजवळ सगळ्या एसएमआर पद्धतीच्या. कौलांसारखे एकावर एक चढलेले ट्रॅक. एक बदलायचा तर शेजारचे पुन्हा लिहावे लागतात, म्हणून भरत आल्या की लिहिण्याचा वेग कोसळतो. एंटरप्राइज डिस्क सहसा सीएमआर असते, तिथे ट्रॅक सुटे असतात. घेताना मॉडेल क्रमांक तपासाच. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने नॅससाठीच्या (नेटवर्कला जोडलेल्या, अनेक डिस्कांच्या डब्यासाठीच्या) 'रेड' (Red) नावाच्या काही डिस्कांत एसएमआर वापरल्याचं आधी सांगितलंच नव्हतं. ओरड झाल्यावर सीएमआरवाल्यांना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं.

आणि ती टकटकणारी डिस्क पुन्हा पुन्हा लावून बघू नका. हेड, म्हणजे लिहिणारं-वाचणारं टोक, तबकडीला घासत असेल तर दर वेळी थोडा थोडा डेटा खरवडला जातो. फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय कुणी सांगितला तर तोही करू नका, आत दव धरतं. क्लीन रूम (धूळ नसलेली खोली) असलेल्या जाणत्या माणसाकडे द्या. खर्च येईल, पण संकासुर परत मिळण्याची आशा तिथेच आहे.

पेठेतला
अमुक कंपनी टाळा, हे कुणी अजून लिहिलं नाही याचं नवल वाटतं. माझ्या लागोपाठ दोन डिस्का एकाच कंपनीच्या गेल्या. त्या कंपनीची वस्तू मी घरात आणत नाही.

चुंबकसूची
दोन डिस्कांवरून कंपनी ठरत नाही. मोठ्या हार्ड डिस्का बनवणारे जगात उरलेत तीनच: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. तिघांचीही चांगली मॉडेल्स आहेत आणि वाईटही. सीगेटचं ३ टीबीचं एक मॉडेल इतकं बदनाम झालं की २०१६ मध्ये अमेरिकेत त्यावरून दावा दाखल झाला. त्याच कंपनीची नंतरची मोठी मॉडेल्स बॅकब्लेझकडे वर्षानुवर्षं नीट चालली. बघायचं तर मॉडेल बघा.

पेठेतला
ठीक आहे, कंपनीचं सोडा. मग चार डिस्कांचा नॅस घ्या आणि रेड (RAID, अनेक डिस्का एकत्र जोडून चालवण्याची पद्धत) लावा. एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही. माझ्याकडे सहा वर्षं चालू आहे. दोन सुट्या डिस्का हाताने कॉपी करत बसण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

सोल्डर
रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी गिऱ्हाइकांना सांगून थकलो. तुमच्या हातून फोल्डर पुसला तर चारही डिस्कांवरून एकदमच पुसला जातो. व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तरी तसंच. वीज कोसळून पॉवर सप्लाय उडाला तर चारही एकाच डब्यात. १६ टीबीची एक डिस्क बदलून रेड पुन्हा उभं करायला सलग पाऊण-एक दिवस लागतो, आणि तेवढा वेळ बाकीच्या डिस्का पूर्ण ताणाखाली असतात. काम अखंड चालावं म्हणून रेड. यांचं काम अखंड चालण्याचं नाहीच, जपून ठेवण्याचं आहे.

ओंटारिओ
क्लाउडवर ठेवा आणि निर्धास्त व्हा. माझं सगळं तिथेच आहे.

दहिकाला
आमच्या गावात अपलोडचा वेग चांगला असला तर २० एमबीपीएस. ९ टीबीला सलग एक्केचाळीस दिवस लागतील, तेही वीज न जाता. शिवाय दर महिन्याचं भाडं आलंच. निवडक पाच-सहा नाटकं मात्र ठेवीन तिथे, हे खरंच चांगलं होईल.

वाशिष्ठी
मी चिपळूणची. तुमची सगळी चर्चा वाचली आणि राहवलं नाही.

माझ्या वडिलांनी गावोगावच्या कीर्तनांचं ध्वनिमुद्रण केलं होतं. मी शहाणपणाने दोन प्रती केल्या होत्या, दोन वेगळ्या डिस्कांवर. चांगल्या डिस्का होत्या, दोन्ही सुरू होत्या. २२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा दोन्ही एकाच कपाटात, खालच्या कप्प्यात होत्या. आम्ही माळ्यावर चढून जीव वाचवला. कपाट दोन दिवसांनी उघडलं तेव्हा आत चिखल होता.

दादा, डिस्क एंटरप्राइज घ्या की साधी घ्या, दुसरी प्रत त्या घरात ठेवू नका. त्या गावातही ठेवू नका. एका डिस्कचे पैसे कमी पडत असतील तर पहिली थोडी हलकी घ्या, पण दुसरी घ्याच.

दहिकाला
ताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. १६ टीबीचा विचार सोडला. त्याऐवजी १२ टीबीच्या दोन नॅस दर्जाच्या घेतो, दोन्ही सीएमआर, वर्षाला १८० टीबीची क्षमता. वर्षात मी पाच-सहा टीबीसुद्धा लिहीत नाही, त्यामुळे ५५० चा हट्ट मला लागतच नव्हता. दोन्ही वेगळ्या कंपन्यांच्या घेईन, म्हणजे एकाच खेपेतला दोष दोघींना लागणार नाही. एक माझ्याकडे, दुसरी बहिणीकडे कोल्हापूरला. दर जत्रेनंतर अदलाबदल.

पण डिस्कच्या दर्जाला अर्थ आहे हे माझं मत मी सोडलेलं नाही. सात पोर्टेबलनी मला जे दाखवलं ते मी विसरणार नाही.

चुंबकसूची
त्यावर आपलं जमणार नाही, पण निर्णय उत्तम आहे. कॉपी करताना प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा) काढून त्याची यादी ठेवा आणि सहा महिन्यांनी पडताळा. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या, नोंदींवर विसंबू नका. गूगलने २००७ मध्ये आपल्या डिस्कांचा अभ्यास छापला होता. बंद पडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कांनी, तापमान सोडलं तर, स्मार्टमध्ये कसलाच इशारा दिला नव्हता.

सोल्डर
आणि बिल घेऊन अधिकृत दुकानातूनच घ्या. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत हजारो तास वापरलेल्या सीगेटच्या एक्झॉस डिस्का नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं. स्मार्टमधले तास शून्य करून ठेवले होते, सीगेटच्या फार्म (FARM) नावाच्या वेगळ्या अंतर्गत नोंदींत मात्र खरे तास सापडले. डिस्क सीगेटची घेतलीत तर स्मार्टसीटीएल (smartctl) या प्रोग्रॅमने फार्म बघा, मगच डेटा टाका. वॉरंटीत नवी डिस्क मिळते, डेटा मिळत नाही.

वाशिष्ठी
कोल्हापूरला बहीण कितव्या मजल्यावर राहते? २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगाही शिरली होती.

दहिकाला
तिसऱ्या. आणि घर नदीपासून लांब आहे. तरी डिस्क कपाटाच्या वरच्या फळीवरच ठेवायला सांगतो.